नेटचा प्रश्न ग्रामसभेत न्या

गावातल्या नेटबद्दल तक्रार न करणारा तरुण मला अजून भेटायचा आहे. मोहल्ल्यातल्या कट्ट्यावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात, जुम्म्याची नमाज सुटल्यावर मशिदीच्या पायऱ्यांवर विषय निघतोच. रेंज नाही, नेट स्लो आहे, फॉर्म भरताना नुसतं गोल गोल फिरतंय, ओटीपी येईपर्यंत वेळ संपते. चळवळीच्या बैठकांसाठी कोकणात आणि मराठवाड्यात फिरताना मी एक प्रश्न हमखास विचारते: ही तक्रार तुमच्यापैकी कोणी लेखी दिली आहे का? ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात तिची एक ओळ तरी सापडेल का? बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थीच मिळते. पाण्यासाठी हंडा मोर्चा निघतो, रस्त्यासाठी रास्ता रोको होतो, कब्रस्तानच्या कुंपणासाठी आमदारांकडे शिष्टमंडळ जाते. नेट मात्र आपण नशिबावर आणि रिचार्जवर सोडून दिले आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. गावातले संथ इंटरनेट हा आता ज्याच्या त्याच्या मोबाइलपुरता प्रश्न राहिलेला नाही. पाणी, रस्ता, वीज यांच्यासारखाच तो सार्वजनिक प्रश्न आहे. तो तसाच, ग्रामसभेत, लेखी आणि साऱ्या गावाला बरोबर घेऊन मांडला पाहिजे. त्यात मुस्लिम तरुण-तरुणींनी पुढाकार घ्यावा असे मला का वाटते, तेही सांगते.

आधी वेगाचा हिशेब करू. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, तेही मुंबईसह मोजक्या महानगरांत. टेलिफोनच्या तारेवर मोडेम किरकिरायचा आणि मग डायल-अप जोडणी लागायची. तिचा वेग पुढे वाढत वाढत सेकंदाला 56 किलोबिटपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. एक मेगाबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेल्या एका फोटोपेक्षाही कमी माहिती, त्या वेगाने उतरवायला सुमारे अडीच मिनिटे लागतात. सरकारने 2004 साली ब्रॉडबँडची व्याख्या केली तेव्हा किमान वेग 256 किलोबिट धरला. 2013 मध्ये तो 512 किलोबिट झाला आणि 2023 मध्ये 2 मेगाबिट. या ताज्या व्याख्येप्रमाणे तोच एक मेगाबाइट चार सेकंदांत यायला हवा.

कागदावर आपण अडीच मिनिटांवरून चार सेकंदांवर आलो. डोंगराआडच्या वाडीत मात्र फोनवर 4जीचे चिन्ह दिसते आणि वेग डायल-अपच्या दिवसांतला मिळतो. त्यात दुसरी अडचण अशी की त्या काळी ईमेल चार ओळींचा असायचा. आता दाखल्यांचे स्कॅन, फोटो, सही, सगळे चढवावे लागते आणि मोबाइल नेटवर चढवण्याचा वेग उतरवण्यापेक्षा बहुधा कमीच असतो. गाणे ऐकता येते म्हणून नेट चांगले आहे असे समजणारा विद्यार्थी प्रवेशाचा अर्ज भरायला बसतो, तेव्हा त्याला खरी परिस्थिती कळते.

आज नागरिक म्हणून आपल्याला काय काय ऑनलाइन करावे लागते, ते एकदा मोजून पाहा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी किंवा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल. सीईटीचा अर्ज आणि त्यानंतर प्रवेशाच्या फेऱ्या, ज्यांत पसंतीक्रम ठरलेल्या तारखेच्या आत भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, ओबीसी मुस्लिम जातींतल्या मुलांसाठी नॉन-क्रीमी लेअर, सातबारा, रेशनचे आधार प्रमाणीकरण, लाडक्या बहिणींची ई-केवायसी, हजचा अर्ज. पूर्वी यांतली बरीच कामे तालुक्याला एक खेप मारून, रांगेत उभे राहून व्हायची. रांग वाईटच होती, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला खिडकीपलीकडचा कारकून निदान दिसत तरी होता. आता पान उघडत नाही तेव्हा समोर कोणीच नसते. गावातला संगणक परिचालक "सर्व्हर डाऊन" म्हणतो आणि आपण उद्या यायचे ठरवून घरी जातो. तो "उद्या" कधी कधी अंतिम तारखेच्या पलीकडे पडतो आणि पोराचे एक वर्ष जाते.

अलीकडचे उदाहरण आपल्या समाजाच्या चांगलेच लक्षात असेल. वक्फ मिळकतींचे तपशील चढवण्यासाठीचे 'उमीद' पोर्टल 6 जून 2025 रोजी सुरू झाले आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. त्या कायद्याबद्दल तुमचे मत काहीही असो. पण मुदतीच्या अखेरच्या दिवसांत पोर्टल चालत नसल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या, हे सर्वांनी पाहिले. एखाद्या खेड्यातले वयस्कर मुतवल्ली जुने कागद पिशवीत घालून तालुक्याच्या सायबर कॅफेत तासन्‌तास बसले असतील, तर त्यांचे काम अडवण्यात पोर्टलचा दोष किती आणि गावातल्या नेटचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. मुदत मात्र दोघांसाठीही थांबत नाही.

संथ नेटची सर्वाधिक झळ कोणाला बसते? माझ्या मते मुलींना. प्रत्येक गावात एक 'रेंजची जागा' असते. कुठे टेकडी, कुठे पाण्याची टाकी, कुठे फाट्यावरचा पूल. मुलगा रात्री दहा वाजता मोटरसायकल काढून तिथे जातो, दोन तास बसतो, व्हिडिओवरचे लेक्चर ऐकतो, अर्ज भरतो. त्याच घरातल्या बहिणीला दिवसासुद्धा तिथे एकटी जाता येत नाही. मुक्त विद्यापीठातून पदवी करणाऱ्या, दहावीनंतर घरी बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, लग्नानंतर शिक्षण पुढे रेटणाऱ्या कितीतरी मुलींसाठी नेट म्हणजे जे घराच्या चार भिंतींत मिळते तेवढेच. घरात मिळत नसेल तर त्यांच्यासाठी गावात नेट नाही, असेच धरले पाहिजे. कंपनीच्या नकाशावर ते गाव रंगवलेले असेल, तरीसुद्धा.

या संदर्भात केरळच्या एका मुलीचे नाव तुम्हाला माहीत असायला हवे. फहीमा शिरीन ही महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी. वसतिगृहाने संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मोबाइल वापरायला बंदी घातली. अभ्यासासाठी मला इंटरनेट लागते, म्हणून हा नियम मान्य नाही, अशी भूमिका तिने घेतली. तिला वसतिगृहातून काढण्यात आले. ती केरळ उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर 2019 मध्ये जिंकली. इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. "नेटमुळे पोरी बिघडतात" असे आपल्या मोहल्ल्यांत अजूनही बोलले जाते. त्या प्रत्येक चर्चेत या निकालाची आठवण करून द्या. नेटवर वाईट गोष्टी आहेत हे खरेच आहे. पण नेट संथ असल्याने वाईट गोष्टी थांबत नाहीत, त्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवल्या जातातच. अडतो तो अभ्यास आणि अडतात ती सरकारी कामे.

त्यानंतर चार महिन्यांनी, 10 जानेवारी 2020 रोजी, अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. विषय काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीचा होता. इंटरनेटवरून व्यक्त होण्याला आणि व्यवसाय करण्याला संविधानाच्या कलम 19 चे संरक्षण आहे, बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. त्या निकालानंतर तिथे मोबाइल नेट आले ते 2जी वेगाने. 4जी परतायला फेब्रुवारी 2021 उजाडला. मधल्या काळात, ऐन करोनात, तिथल्या मुलांनी 2जीवर ऑनलाइन वर्ग केले. त्यावर देशभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मला यातली एक गोष्ट आपल्या गावांसाठी महत्त्वाची वाटते. बंदीला निदान एक लेखी आदेश असतो, त्यावर अधिकाऱ्याची सही असते, त्याला आव्हान देता येते. आपल्या वाडीतल्या संथ नेटला कोणाचाच आदेश नाही. म्हणून त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. ती जबाबदारी कागदावर आणणे हे आपले पहिले काम.

त्यासाठी नेट संथ का होते, हे थोडे समजून घ्यावे लागेल. मोबाइल टॉवर म्हणजे एक नळ समजा. नळापर्यंत येणारी मुख्य वाहिनी बारीक असेल तर नळ कितीही मोठा असून उपयोग नाही. बऱ्याच ग्रामीण टॉवरना मागून फायबर केबल जोडलेली नसते. एका टॉवरवरून दुसऱ्यावर मायक्रोवेव्ह लहरींनी माहिती पाठवली जाते आणि तिची क्षमता मर्यादित असते. शिवाय टॉवरचा वेग त्याच्या टप्प्यातल्या सगळ्यांत वाटला जातो. कोकणात डोंगराच्या आड लहरी पोहोचत नाहीत, घाटमाथ्यावर वस्त्या विखुरलेल्या, मराठवाड्यात लोडशेडिंग. वीज गेली आणि टॉवरची बॅटरी जुनी असली की रेंजही जाते.

कारण ओळखायची सोपी रीत आहे. ट्रायचे 'मायस्पीड' हे अ‍ॅप घ्या आणि पहाटे, दुपारी व रात्री नऊला, अशा तीन वेळा वेग मोजा. पहाटे चांगला आणि रात्री वाईट असेल, तर एका टॉवरवर माणसे जास्त झाली आहेत. रेंजच्या काड्या पूर्ण असून तिन्ही वेळा वेग वाईट असेल, तर टॉवरच्या मागची जोडणी बारीक असण्याची शक्यता मोठी. काड्याच नसतील, तर टॉवर दूर आहे किंवा डोंगराआड आहे. या तीन दुखण्यांवरचे इलाज वेगवेगळे आहेत, म्हणून नुसते "नेट स्लो आहे" असे लिहिलेल्या अर्जाला नुसते "कार्यवाही सुरू आहे" असे उत्तर येते. आठ दिवसांचा, वेळ आणि जागेसह लिहिलेला तक्ता जोडला, तर उत्तर देणाऱ्याला निश्चित काहीतरी सांगावे लागते. वाडीवार मुले-मुली वाटून घेतली तर हे काम एका आठवड्यात होते. कंपन्यांनी आता आपापल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे दिले आहेत. त्यात तुमचे गाव कोणत्या रंगात आहे ते पाहा आणि तुमचा तक्ता त्याशेजारी ठेवा.

आता पैशाचा मुद्दा. "खेड्यात नेट देणे कंपन्यांना परवडत नाही" हे वाक्य आपण इतके ऐकले आहे की ते खरे मानून गप्प बसतो. परवडत नाही, हे सरकारलाही माहीत होते. म्हणूनच 2002 पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून 5 टक्के रक्कम वेगळी काढली जाते, ती खास ग्रामीण आणि दुर्गम भागासाठी. त्या निधीचे नाव पूर्वी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी होते. 2023 च्या दूरसंचार कायद्याने ते 'डिजिटल भारत निधी' केले. कंपन्यांचा महसूल शेवटी आपल्या रिचार्जमधूनच येतो. म्हणजे गावात नेट आणण्याचे पैसे तुम्ही-आम्ही वीसहून अधिक वर्षे भरत आहोत.

याच निधीतून 2011 साली देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, तीच पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा 'महानेट' या नावाने आला. कितीतरी ग्रामपंचायत कार्यालयांत आज भिंतीवर तो पेटारा टांगलेला आहे. कुठे त्याचा दिवा लागत नाही, कुठे बॅटरी गेली आहे, कुठे रस्ता रुंद करताना किंवा नळाची वाहिनी टाकताना जेसीबीने केबल तोडली ती पुन्हा जोडलीच नाही. जिथे चालू आहे तिथेही फायबर कार्यालयात येऊन थांबले आहे, शाळेत, दवाखान्यात, घरांत गेलेले नाही. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने सुमारे 1.39 लाख कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. तिच्यात ग्रामपंचायती साखळीऐवजी वर्तुळात जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहील. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांना मागणी केल्यावर जोडणी देण्याची तरतूदही तिच्यात आहे. 'मागणी केल्यावर' हे शब्द लक्षात ठेवा. न मागणारे गाव या योजनेत मागे राहणार, हे उघड आहे.

तर मागायचे कसे? महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. अठरा वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे. सभेच्या आधी ग्रामसेवकांकडे विषय लेखी द्या. महिला सभेत मुलींनी आणि त्यांच्या अम्मींनी हा विषय मांडावा, कारण 'रेंजच्या जागे'ची गोष्ट त्यांच्याइतकी नेमकी कोणी सांगू शकणार नाही. ठराव मोघम नको. ग्रामपंचायतीतली भारतनेटची जोडणी चालू आहे की बंद, बंद असेल तर कधीपासून, शाळा आणि आरोग्य उपकेंद्राला जोडणी कधी देणार, वाड्यांसाठी मागणी नोंदवली का, हे चार प्रश्न त्यात असले पाहिजेत. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला आणि खासदारांना पाठवा. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. ग्रामपंचायत विकास आराखड्यात वायफायसाठी आणि पेटाऱ्याच्या बॅटरीसाठी तरतूद सुचवा. गावात खोदकाम निघाले की ठेकेदाराला विचारा, 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी अ‍ॅपवर कळवले का? केबल तुटण्याआधी विचारलेला एक प्रश्न नंतरच्या सहा महिन्यांच्या हेलपाट्यांपेक्षा स्वस्त पडतो.

सरकारकडे मागत असतानाच करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. डिसेंबर 2020 मध्ये 'पीएम-वाणी' योजना मंजूर झाली. तिच्यात किराणा दुकानदार, चहावाला किंवा वाचनालय 'पब्लिक डेटा ऑफिस' चालवू शकते. त्यासाठी परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको. जुन्या एसटीडी बूथचीच ही नवी आवृत्ती समजा. आखाती देशांतल्या अब्बांच्या फोनची वाट पाहत ज्यांच्या घरच्यांनी त्या बूथवर संध्याकाळी काढल्या, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ट्रायने 2025 मध्ये असेही ठरवून दिले की अशा केंद्राला 200 मेगाबिटपर्यंतची जोडणी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाही. जमातीच्या हॉलमध्ये, उर्दू शाळेच्या वाचनालयात असे केंद्र सुरू होऊ शकते. तिथे मुलींसाठी ठरावीक वेळ असावी, अर्ज भरायला मदत करणारे दोन तरुण असावेत आणि दार गावातल्या प्रत्येकासाठी उघडे असावे.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या खेड्यांनाही कंपन्यांनी असेच "परवडत नाही" म्हणून सांगितले होते. तिथल्या लोकांनी 2011 मध्ये स्वतःची सहकारी धर्तीची संस्था काढली. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून केबल विनामोबदला जाऊ दिली, गावकऱ्यांनी स्वतः चर खणले आणि घराघरांत सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे फायबर नेले. श्रमदान आणि सहकार हे शब्द महाराष्ट्राला शिकवावे लागत नाहीत. कायदे वेगळे आहेत, पण बांधावरून केबल जाऊ देण्याची शेजाऱ्याची तयारी तिथे जितकी लागली तितकीच इथेही लागते.

शेवटचा मुद्दा आपल्याबद्दल. मुस्लिम तरुण ग्रामसभेला फारसे जात नाहीत. "आपलं कोण ऐकणार" हे त्याचे कारण असते आणि ते पोकळ नाही, अनुभवातून आलेले आहे. आपले प्रश्नही आपण बहुतेक वेळा समाजाचे म्हणून मांडतो आणि मग समोरचे त्याकडे 'त्यांचा प्रश्न' म्हणून पाहतात. नेटचा प्रश्न तसा नाही. टॉवरचा वेग मोहल्ला, मराठा आळी आणि बौद्धवाडी असा भेद करत नाही. रात्री नऊला तो सगळ्यांचाच मंदावतो. म्हणून ठरावावर पहिली सही मोहल्ल्यातली असली तरी दुसरी आणि तिसरी बाहेरची असली पाहिजे. ज्या तरुणाने गावाच्या नेटसाठी तक्ता बनवला, अर्ज लिहिले, पाठपुरावा केला, त्याचे म्हणणे उद्या कब्रस्तानच्या रस्त्याबद्दलही वेगळ्या कानांनी ऐकले जाईल, असा माझा विश्वास आहे. ते झाले नाही, तरी गावाला नेट मिळालेले असेल.

येत्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या. तोपर्यंत आठ दिवस वेग मोजा. आणि जाताना बहिणीला बरोबर न्या, कारण तिच्याशिवाय तो तक्ता अपुरा राहील.